खाऱ्या पाण्याचा टँक: आधी भूक ओळखा, मग मासा घ्या

खाऱ्या पाण्याचा टँक लावायचं मनात आलं की पहिले प्रश्न ठरलेले असतात. टँक किती लिटरचा, फिल्टर कुठला, लाइट कुठला, मीठ कुठल्या कंपनीचं. पैसे त्यावरच खर्च होतात, म्हणून हे प्रश्न बरोबरच आहेत. पण टँक नीट उभा राहिल्यावरही त्यातले जीव जातात, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या मुळाशी खाणं असतं. काही उपाशी राहतात, कारण त्यांचं अन्न त्या टँकमध्ये कधी नव्हतंच. काहींना मायेने जास्त खायला घातलं जातं, उरलेलं कुजतं आणि पाणीच विषारी होतं. दोन्ही गोष्टी टाळता येतात. मात्र त्यासाठी मासा विकत घेण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: हा जीव समुद्रात पोट कसं भरतो?

प्रवाळांच्या खडकावर अन्न दिवसभर वाहत येत असतं. भरती-ओहोटीबरोबर प्लँक्टनचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे, थर येतात आणि जातात, खडकांवर शेवाळ उगवत राहतं, वाळूत किडे असतात. मासा थोडं थोडं टिपत फिरतो. त्याची घाण अथांग पाण्यात विरून जाते. घरच्या दोनशे लिटरच्या टँकमध्ये यातलं काहीच होत नाही. आपण टाकलं तेवढंच अन्न, आणि टाकलेलं सगळं तिथेच राहणार, माशाच्या पोटात गेलं तरी आणि दगडामागे पडून राहिलं तरी.

प्रथिनं पचली की अमोनिया तयार होतो. मासे तो मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतात, त्यामुळे टँकचा तळ चकचकीत दिसला तरी पाण्यात अमोनिया असू शकतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो. पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी हिस्सा मोठा. पीएच ७ च्या गोड्या पाण्यात जेवढा अमोनिया गोल्डफिश निभावून नेईल, तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग खाऱ्या टँकमध्ये दहापटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं मासे सांभाळलेल्या माणसाचा हातही इथे सुरुवातीला चुकतो, त्याचं हे मोठं कारण आहे.

या अमोनियाचा बंदोबस्त जिवाणू करतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू खडकांवर, वाळूत आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टँकमध्ये मासा नको. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत थांबायचं, मग एखाददुसरा मासा आणायचा. जिवाणूंची संख्याही मिळणाऱ्या अन्नाप्रमाणेच वाढते, म्हणून एकाच रविवारी पाच मासे आणून सोडले तर तयार टँकही कोलमडतो. शेवटी उरणारं नायट्रेट तुलनेने सौम्य असतं. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी दहा-पंधरा टक्के पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं.

आता खाण्याकडे वळू. सुरुवात क्लाउनफिशपासून करावी, कारण नवशिक्याने खरोखर घ्यावा असा हा मासा आहे. समुद्रात तो ॲनिमोनच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या, डंख मारणाऱ्या बिनकण्याच्या जीवाच्या, आसऱ्याने राहतो, वाहत येणारे प्लँक्टन आणि थोडं शेवाळ खातो. तोंडात मावेल असं जवळपास काहीही तो घेतो: चांगल्या प्रतीच्या बारीक गोळ्या, फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे इवलेसे जीव), बारीक चिरलेली कोळंबी. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच पुरतं. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं धरून चालावं, हा शौकिनांचा जुना अंदाज आहे आणि तो हात आवरायला उपयोगी पडतो. टँकमध्ये ॲनिमोन नसला तरी क्लाउनफिशचं काही अडत नाही, कारण त्याला ज्यांच्यापासून लपायचं ते शिकारी मासे तिथे नसतात. जोडीतला मोठा मासा मादी असतो. ती गेली तर नर मादी होतो, त्यामुळे जोडी घेताना एक लहान आणि एक मोठा घेतलेला बरा.

अँथियाससारखे झुंडीने राहणारे गुलाबी-नारिंगी मासे दिसायला क्लाउनफिशइतकेच सोपे वाटतात, पण त्यांची भूक वेगळी. ते खुल्या पाण्यात सतत पोहतात आणि सतत टिपतात. दिवसातून दोनदा खाऊन ते हळूहळू खंगतात. त्यांना तीन-चारदा, थोडं थोडं लागतं. सकाळी आठला घराबाहेर पडून रात्री आठला परतणाऱ्या माणसाने अँथियास घेऊच नयेत, असं माझं मत आहे. घ्यायचेच असतील तर वेळेवर खाणं टाकणारं यंत्र आधी घ्यावं.

मँडरिन हा निळ्या-नारिंगी नक्षीचा छोटा मासा. दुकानात त्याच्यावर नजर खिळते, आणि त्याच्याइतके हाल क्वचितच कुणाचे होत असतील. तो खडकांवरचे कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव, दिवसभर एकेक करून टिपतो. वरून टाकलेल्या गोळीकडे तो बहुधा पाहतसुद्धा नाही. नव्या टँकमधले कोपेपॉड तो थोड्या आठवड्यांत संपवतो आणि मग पोट खपाटीला जातं. भरपूर खडक असलेला, वर्षभर तरी मुरलेला मोठा टँक असेल, किंवा फ्रोझन अन्न घ्यायला शिकलेला, टँकमध्येच पैदास झालेला मँडरिन मिळाला, तरच त्याचा विचार करावा.

टँग किंवा सर्जनफिश म्हणजे चरणारा मासा. खडकावरचं शेवाळ ओरबाडून खाणं हेच त्याचं दिवसभराचं काम. त्याला फक्त कोळंबी आणि मायसिस दिलं तर तो खाईल, फुगेलही, पण त्याची लांब आतडी शेवाळासाठी घडलेली असतात. सुशीसाठी मिळणारी नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ पापुद्रा, मीठ-मसाला नसलेली, क्लिपने काचेला लावून ठेवावी आणि संध्याकाळी उरलेला तुकडा काढून टाकावा. शिवाय टँगला पोहायला लांबी लागते. दोन-तीन फुटांच्या टँकमध्ये तो ठेवू नये.

काही माशांच्या बाबतीत तर उत्तर सरळ नकार हेच आहे. फुलपाखरू माशांतल्या काही जाती फक्त जिवंत प्रवाळाचे जीव खातात, दुसरं काही अन्न म्हणून ओळखतच नाहीत. मूरिश आयडॉलचा भर स्पंजांवर असतो. क्लीनर रास इतर माशांच्या अंगावरचे परजीवी आणि चिकटा खाऊन जगतो. शंभर मासे साफ करून घ्यायला त्याच्यासमोर रांग लावतात तेव्हा त्याचं भागतं, घरच्या चार माशांवर त्याचं पोट कसं भरणार? हे मासे दुकानात मिळतात म्हणून ते घरी जगतात असं समजू नये.

उलट टोकाला लायनफिश आणि ईल. मोठा घास गिळून दिवसभर पडून राहणारे. त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. रोज भरवलं तर यकृतात चरबी साठते. त्यांना गोड्या पाण्यातले गोल्डफिश जिवंत घालायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती सोडून द्यावी. त्या माशांतली चरबी समुद्री शिकाऱ्याला मानवणारी नसते.

चरबीचा हा मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा. समुद्री माशांना डीएचए आणि ईपीए ही ओमेगा-३ मेदाम्लं अन्नातूनच मिळवावी लागतात, त्यांचं शरीर ती पुरेशी बनवू शकत नाही. समुद्रात ती सूक्ष्म शैवालात तयार होतात, मग शैवाल खाणाऱ्या कोपेपॉडमध्ये आणि कोपेपॉड खाणाऱ्या माशांत पोचतात. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा आर्टेमिया, म्हणजे मिठागरांच्या दाट खाऱ्या पाण्यात राहणारा ब्राइन श्रिंप, डीएचएच्या बाबतीत फार गरीब असतो. मासे तो आनंदाने खातात, म्हणून मालकाला वाटतं सगळं छान चाललंय. आर्टेमियाची कोरडी अंडी खाऱ्या पाण्यात, हवा सोडून, उबेत ठेवली तर सुमारे चोवीस तासांत फुटतात. पिल्लं पहिली कात टाकल्यावर खायला लागतात. तेव्हा त्यांना मेदाम्लांचं तयार द्रावण किंवा सूक्ष्म शैवाल खाऊ घातलं आणि मग ती माशांना दिली, तर त्यांच्या पोटातलं पोषण माशाला मिळतं. एवढी खटपट जमणार नसेल तर फ्रोझन मायसिस हे रोजच्यासाठी बरंच सरस अन्न आहे.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांना मासळी बाजार जवळ आहे, त्याचा फायदा जरूर घ्यावा. ताजी कोळंबी, तिसऱ्या, माकूल, हंगामात मिळणारा ताजा जवळा. मीठ, हळद, लिंबू काहीही न लावता स्वच्छ धुवून, बारीक चिरून, थोडी नोरी मिसळून पिशवीत पातळ थर करून फ्रीजरमध्ये ठेवावं आणि रोज बोटाएवढा तुकडा मोडून घ्यावा. फक्त एकाच प्रकारावर राहू नये. तिसऱ्यांत, काही माशांत आणि काही कोळंब्यांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं. महिनोन्‌महिने तेवढंच खाल्लं तर माशाला त्या जीवनसत्त्वाची कमतरता होते. सुका जवळा किंवा सोडे वापरू नयेत. त्यातली चरबी खवट झालेली असते आणि वाळूही बरीच येते.

फ्रोझन तुकडा थेट टँकमध्ये टाकायचा नाही. वाटीत टँकचंच थोडं पाणी घेऊन तो वितळवायचा, बारीक गाळणीतून ते पाणी काढून टाकायचं आणि उरलेले तुकडे ड्रॉपरने थोडे थोडे सोडायचे. खाणं चालू असताना पंप दहा मिनिटं बंद ठेवला तर अन्न फिल्टरमध्ये ओढलं जात नाही. मात्र पंप पुन्हा चालू करायला विसरू नका. भरवण्याची ही दहा मिनिटं टँकची रोजची तपासणीसुद्धा असते. काल पुढे धावणारा मासा आज कोपऱ्यात थांबला, तोंडात घेऊन थुंकला, श्वास जोरात घेतो आहे, तर काहीतरी बिघडलं आहे. यंत्राने खाणं टाकणारे लोक नेमकी हीच तपासणी गमावतात.

आता बिनकण्याचे जीव: कोळंब्या, खेकडे, गोगलगायी, तारामासे, अर्चिन (काटेरी चेंडूसारखा जीव), ॲनिमोन. यांचं शरीर माशांपेक्षा मुळातच वेगळं चालतं. समुद्री माशाच्या शरीरातले क्षार समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतात. त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर फेकतो. म्हणजे क्षारता थोडी हलली तरी सांभाळून घेणारी यंत्रणा त्याच्याकडे आहे. यांतल्या बहुतेक बिनकण्याच्या जीवांकडे ती नाही. बाहेर जेवढे क्षार, साधारण तेवढेच आत. दुकानातल्या पिशवीचं पाणी आणि तुमच्या टँकचं पाणी यांत फरक असेल तर तो धक्का थेट त्यांच्या पेशींना बसतो. म्हणून त्यांना पिशवीतून टँकमध्ये सोडताना बारीक नळीने थेंब थेंब टँकचं पाणी मिसळत तासभर तरी द्यायचा. तारामाशाला त्याहून जास्त, आणि शक्यतो त्याला पाण्याबाहेर काढायचंच नाही.

क्षारता एका लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ ठेवावी आणि ती रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी. स्वयंपाकाचं मीठ यासाठी चालत नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरंच काही असतं, ते टँकसाठीच्या तयार मिठात मिळतं. चौपाटीवरून कॅन भरून आणण्याचा मोह मुंबईत अनेकांना होतो. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात त्याची क्षारता घसरते. तो मार्ग नको. टँकमधून बाष्प होऊन उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची घट भरून काढताना आरओचं गोडं पाणीच घालायचं. कोकणातल्या मे महिन्यात खोलीचं तापमान ३३ अंशांवर जातं आणि टँकला हवं असतं २५ ते २७. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्याच वेळी माशांची गरज वाढते. छोट्या टँकवर पंखा लावून काही अंश उतरवता येतात, पण मग पाणी जास्त उडतं आणि भरणंही वाढतं. मोठ्या टँकला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतोच, आणि तो खर्च पहिल्या दिवशीच धरावा. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवा.

गोगलगायी, हर्मिट खेकडे, वाळू चाळणारे तारामासे हे सगळे दुकानात 'सफाईवाले' म्हणून विकले जातात. या शब्दामुळे त्यांना भूकच नसते असा समज होतो. गोगलगाय शेवाळ खाते. टँकमधलं शेवाळ संपलं की ती उपाशी. मग तिला नोरीचा तुकडा दगडाखाली दाबून द्यावा लागतो. काही जातींना उलटं पडल्यावर सरळ होता येत नाही, त्यांना हाताने सरळ करावं. हर्मिट खेकडा वाढतो तसा त्याला मोठा शंख लागतो. रिकामे शंख टँकमध्ये ठेवले नाहीत तर तो जिवंत गोगलगाईला मारून तिचा शंख घेतो. वाळू चाळणारा तारामासा वाळूतले सूक्ष्म जीव संपले की काही महिन्यांत आतून झिजून मरतो. लहान टँकमध्ये त्याला जगवणं जवळपास अशक्य आहे. अर्चिन खडक खरवडत राहतो, शेवाळ कमी पडलं तर नोरी घेतो, त्याला जड जात नाही.

क्लीनर कोळंबी मात्र नवशिक्यालाही जमते, आणि माणसाच्या हातावर चढून नखं साफ करण्याइतकी धीट होते. गोळ्या, मायसिस, काहीही खाते. दर काही आठवड्यांनी ती कात टाकते. सकाळी तळाशी पारदर्शक कवच पडलेलं दिसतं आणि कोळंबी मेली असं वाटून घरचे हळहळतात. ती दगडामागे लपलेली असते, नवं कवच टणक होईपर्यंत बाहेर येत नाही. तेवढे दोन दिवस तिला शोधायला दगड हलवू नयेत.

ॲनिमोनबद्दल एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक ॲनिमोन आणला. तो त्यांच्या मृत्यूनंतरही सांभाळणाऱ्यांच्या हाती जपला गेला आणि १८८७ पर्यंत जगला. वीज नाही, फिल्टर नाही, काचेच्या भांड्यात समुद्राचं पाणी बदलत ठेवलेला तो जीव. मात्र तो थंड पाण्यातला, निव्वळ शिकारीवर जगणारा ॲनिमोन होता. क्लाउनफिशचे यजमान असणाऱ्या उष्ण समुद्रातल्या ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशात अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं ॲनिमोनला देतं. म्हणजे याचं मुख्य जेवण लाइट आहे. लाइट कमजोर असेल तर तो पांढरा पडत जातो आणि वरून कितीही कोळंबी भरवली तरी सावरत नाही. लाइट चांगला असेल तर आठवड्यातून एकदा नखाएवढा तुकडा पुरतो. मोठा घास तो दुसऱ्या दिवशी अर्धवट ओकतो आणि पाणी बिघडवतो. टँक सहा महिने तरी स्थिर चालल्याशिवाय तो आणू नये, आणि पंपाच्या तोंडाला जाळी लावावी. ॲनिमोन जागा शोधत सरकतो आणि पंपात ओढला गेला तर एका रात्रीत सगळा टँक धोक्यात येतो.

या जीवांना तांबं मारतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण ज्या प्रमाणात ते माशाला वाचवतं त्याच प्रमाणात कोळंब्या, गोगलगायी, ॲनिमोन मरतात. शिवाय खडक आणि वाळू तांबं शोषून ठेवतात. म्हणून औषध द्यायचं ते वेगळ्या, रिकाम्या टँकमध्ये. नवा मासा आधी चार आठवडे त्याच वेगळ्या टँकमध्ये ठेवला तर रोग मुख्य टँकपर्यंत पोचायची शक्यता खूप कमी होते. रोग पोचलाच, तर सगळे मासे बाहेर काढून मुख्य टँक सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो. आणि एक आपल्या घरांतली गोष्ट: डासांची लिक्विड मशीन, झुरळांचे स्प्रे. त्यांतली पायरेथ्रॉइड प्रकारची रसायनं माशांना आणि त्याहून जास्त कोळंब्या-खेकड्यांना घातक असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो. टँकच्या खोलीत मच्छरदाणी वापरा.

मासे कुठून आले हेही विचारावं. समुद्री टँकसाठी विकल्या जाणाऱ्या जातींपैकी बहुतेक अजून समुद्रातूनच पकडल्या जातात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याचा प्रकार अनेक दशकं चालला. त्यात प्रवाळही मरतात. क्लाउनफिशची पैदास आता हॅचरीत होते, भारतात केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या (सीएमएफआरआय) तमिळनाडूतल्या मंडपम केंद्रानेही ती साधली आहे. असे मासे गोळ्या खायला सरावलेले असतात. आपल्या किनाऱ्यावरून काही उचलून आणण्याचा विचारही नको. २००१ पासून समुद्री घोडे, समुद्री काकड्या आणि प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षण आहे. मुंबईत कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीजवळचे प्रवाळ २०२० मध्ये हलवावे लागले तेव्हा सरकारी यंत्रणेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती.

दुकानात मासा पसंत पडला की दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला खाऊ घालायला सांगा, आणि तो काय खातो ते पाहा. पाठीचा भाग डोक्यामागे खचलेला असेल, किंवा पोट आत गेलेलं असेल, तर दया येऊनही तो घेऊ नका. न खाणारा मासा घरी आणून खायला लागतो, हे क्वचित घडतं.

गावी जाताना मात्र सगळ्यांना काळजी वाटते ती उलटी: आपण नसताना मासे उपाशी राहतील. धडधाकट प्रौढ क्लाउनफिश तीन-चार दिवस न खाता सहज राहतो. अँथियास किंवा मँडरिनसारख्यांचं तसं नाही. त्याहून जास्त दिवस जायचं असेल तर शेजाऱ्यांच्या हाती खाण्याचा डबा देऊ नका, कितीही जवळचे असले तरी. रोजचं मोजलेलं खाणं वेगवेगळ्या पुड्यांत बांधा, त्यावर वार लिहा, बाकीचा डबा कपाटात बंद करा, आणि फ्रोझन अन्न त्या आठवड्यात पूर्ण बंद ठेवा. पाण्याची पातळी कुठपर्यंत हवी त्याची खूण काचेवर पेनने करून, तिथपर्यंत भरायला आरओच्या पाण्याची बाटली टँकशेजारी ठेवा.